आत्याचा प्लेअर मी दुरुस्त केला

वस्तू बिघडली की शहाणी माणसं दुकानात जातात. मी चष्मा शोधतो. चष्मा सापडला की बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच काढतो, डायनिंग टेबलावर कालचा पेपर पसरतो, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारते, "आज कोणाचा नंबर?"

हा संच मला रिटायर होताना ऑफिसातल्या लोकांनी दिला. आता घरी बसून काय उघडायचं ते उघडा, इथला पंखा सोडा, असा त्यांचा हेतू असावा.

गाणी ऐकायच्या छोट्या प्लेअरशी माझी पहिली गाठ पडली ती मुलगी कॉलेजात असताना. तिच्या प्लेअरचं एकही बटण चालेना. मी मागचे चार स्क्रू काढले, बॅटरीची वायर सोडवली, परत जोडली, मग पुन्हा सोडवली. एक स्क्रू पलंगाखाली गेला, तो अजून तिथेच असेल. अडीच तासांनी मुलगी आली. तिने प्लेअर उचलला, कडेची एक बारीक पट्टी नखाने सरकवली आणि गाणं सुरू झालं.

"बाबा, होल्ड लावला होता."

एवढ्यावर मी सुधारलो असतो, पण पुढे एकदा मला यश आलं. आतेभावाच्या प्लेअरमधून एकाच कानात गाणं यायचं. मी इअरफोनच्या भोकात बॅटरीच्या उजेडात पाहिलं, टूथपिकने आतला कापसाचा बोळा ओढून काढला, दोन्ही कान वाजायला लागले. दोन मिनिटांचं काम. पण आतेभावाने ते गावभर सांगितलं आणि सटाण्याच्या पलीकडच्या त्या खेड्यात मी नाशिकचा मेकॅनिक झालो.

त्या गावात माझी आत्या राहते. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची. भाऊबंदांत कोणाचंही लग्न असो, हळदीला आत्या लागायचीच. तिकडे हळद लावताना बाया अहिराणी गाणी म्हणतात. एकीने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून उचलायचं. पुढे म्हणणारी आत्या. तिने सूर लावला की मांडवाबाहेरचे बँडवाले वाजवायचं थांबवायचे. आदराने नव्हे, आपला बँड ऐकू येत नाही म्हणून.

तीन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आवाज राहील याची खात्री देत नाही. आतेभाऊ म्हणाला, आईची गाणी मोबाईलवर भरून ठेवू. तिथे मी मध्ये पडलो. मी म्हणालो, मोबाईलवर नको. मोबाईल पडतो, हरवतो, पोरं खेळताखेळता काय काय पुसून टाकतात. मी खास वस्तू आणतो. आणि मी आणली: काडेपेटीएवढा प्लेअर, त्याला रेकॉर्डिंगचं लाल बटण. आत्याला शिकवलंही मीच.

आठ दिवस ती रोज दुपारी कांदा साठवायच्या चाळीत जाऊन एकटी बसली, कारण घरात कोंबड्या ओरडायच्या. अकरा रेकॉर्डिंग झाली. मग ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि आवाजही गेला. राहिली नुसती हवा. ती बोलते, ओठ हलतात, कुजबूज येते, जवळ कान नेला तर शब्द कळतात.

"हे सगळं मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो," मी तिला दवाखान्यातच सांगितलं होतं. काम दहा मिनिटांचं. ते मी तीन वर्षं सांगत राहिलो.

यंदा आत्याच्या नातीचं, आतेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला प्लेअर स्पीकरला जोडायचा, आत्याचा आवाज पुढे आणि बाया मागे, असं घरात ठरलं. त्यातलं एक गाणं आत्याला हवंच होतं. बाकीची गाणी गावातल्या बायांना थोडीफार येतात. हे एक तिला तिच्या सासूकडून आलेलं. त्यात हळदीलाच विनवलंय की आजचा दिवस थांब, पोरीचं अजून अंगण झाडून व्हायचंय. मुलीला शेवटचं बोट लावताना ते म्हणायचं. ते आत्याशिवाय कोणालाच येत नव्हतं.

हळदीला आठवडा राहिला होता. मी देवाला ठेवायची पत्रिका आणायला गावी गेलो होतो, तेव्हा कळलं की प्लेअर चार्ज होत नाही आणि सुरू करायचं बटण आत गेलंय ते वर येत नाही. आतेभाऊ सटाण्यात दुकानात टाकणार होता.

"दुकानात कशाला?" मी म्हणालो. वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना कबूल करतो.

आत्याने प्लेअर रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि हात सोडला नाही. मी कान खाली नेला.

"जपीसन ने, भाऊ. मना आवाज शे त्यामा." तिचा आवाज होता त्यात, मी जपून न्यायचं होतं.

घरी आल्यावर पेपर पसरला. चार्जिंगच्या भोकात धूळ आणि धागे दाबून बसले होते, ते काढले. चार्जर लावला आणि पडद्यावर बॅटरीची खूण नाचायला लागली. अर्ध्या तासाने मी आत गेलेल्या बटणावर सुई टेकवून दाबली आणि आत्याचा आवाज खोलीत भरला. बायको पोळ्या टाकायची थांबली. आम्ही दोघं उभ्यानेच ऐकत राहिलो.

कॉम्प्युटर त्याच टेबलावर होता. केबल प्लेअरला लावलेलीच होती, नुसतं तिचं दुसरं टोक चार्जरमधून काढून कॉम्प्युटरला लावायचं होतं. पण मला ते बटण खुपत होतं. बटणाच्या फटीत हळद आणि तेल बसून चिकट थर झाला होता. वस्तू परत द्यायची तर नीट करून द्यावी, लोकांनी म्हटलं पाहिजे, वा! मी भांडी घासायच्या साबणाचं पाणी केलं, जुना ब्रश बुडवला आणि बटण घासलं. छान घासलं. बटण टुणकन वर आलं. मी आनंदाने ते चारपाच वेळा दाबलं, म्हणजे साबणाचं पाणी पंपाने मारावं तसं आत सोडलं. पडदा एकदा पांढरा झाला आणि विझला.

"तांदळात ठेवा," बायको म्हणाली. "सगळे ठेवतात."

"सगळे ठेवतात म्हणूनच," मी म्हणालो. "तांदळाने काय होतं? कोंडा जातो आत. त्याला शास्त्र पाहिजे."

शास्त्र माझ्याकडे होतं. माझे साडू पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आहेत. हंगामात त्यांनी परदेशी जाता जाता राहिलेली एक पेटी आमच्याकडे पाठवली होती. त्या पेटीत द्राक्षांवर एक पांढरा, कागदासारखा पॅड होता, बारीक पुड्यांचा. द्राक्षं पार शेवटपर्यंत कोरडी, टणक. मी तेव्हाच ताडलं होतं की हा पॅड ओल शोषतो. बुटांच्या खोक्यात ती गोळ्यांची पुडी असते ना, तिचाच मोठा भाऊ. मी तो धुवूनपुसून जपून... नाही, धुतला नव्हता, धुतला असता तर तेव्हाच अक्कल आली असती. नुसता जपून ठेवला होता. त्याचे दोन तुकडे केले, मध्ये प्लेअर ठेवला, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातला, वरून टेप मारली. दोन दिवस उघडायचं नाही, असं घरात जाहीर केलं.

त्या दोन दिवसांत आत्याचा मिस्ड कॉल आला. तिला फोनवर बोलता येत नाही. ती मिस्ड कॉल देते, आपण करायचा, बोलायचं, आणि ती नखाने फोनवर टकटक करते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"आत्या, झालंच आहे जवळजवळ."

टक.

"बटण एकदम नव्यासारखं झालंय." हे खरंच होतं.

टक.

मग मला तिथेच थांबता आलं असतं. पण पलीकडची शांतता मला सहन होईना. "गाणी सगळी आहेत आत. मी ऐकली."

मग एक टक आली, हळू.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेप काढून झाकण उघडलं आणि मी मागे सरलो. पेटवलेल्या काडीचा येतो तसा वास, पण शंभर पट. डोळ्यांना पाणी, घशात ठसका. बायको धावत आली आणि तीही खोकायला लागली. खिडक्या उघडून, तोंडाला टॉवेल लावून मी प्लेअर बाहेर काढला. चार्जिंगच्या भोकातली पितळी पानं हिरवीकाळी झाली होती. मागचं झाकण उघडलं तर बॅटरीची तार हात लावताच तुटून पडली.

मी साडूंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अहो, तो ओल पिणारा कागद नाही," ते म्हणाले. "ओल लागली की त्यातून गंधकाचा वायू सुटतो. बुरशी मरावी म्हणून पेटीत घालतात."

"मग द्राक्षं कोरडी कशी राहतात?"

"आधी थंड करतो आम्ही. तुम्ही ओलं यंत्र त्याच्यात बंद केलंत? दोन दिवस?" मग पलीकडे कोणाला तरी सांगताना त्यांचा आवाज ऐकू आला, "अरे, आमच्या साडूंनी रेडिओला धुरी दिली." मागे चारपाच माणसं हसली. मीही हसलो असतो, एरवी.

प्लेअर रुमालात बांधून मी एम. जी. रोडला गेलो. मोबाईल दुरुस्तीच्या त्या गल्लीत सहा दुकानांनी हात लावायला नकार दिला. सातव्या दुकानात डोळ्याला भिंग लावून एक बाई बसल्या होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी वास घेतला.

"काका, हे तुम्ही धुतलं, की शिजवलं?"

मी खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "आत काय आहे?" त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं. मग त्यांनी हातातला दुसऱ्याचा मोबाईल बाजूला ठेवला आणि स्पिरिटची बाटली ओढली.

दोन तास त्या बोर्डाचा एकेक टाका घासत होत्या. गेलेल्या ठिकाणी केसाएवढ्या तारा जोडल्या. कॉम्प्युटरला लावलं तर काहीच नाही. पुन्हा घासलं, पुन्हा लावलं. पडद्यावर अकरा नावं उमटली. मी उभा राहिलो.

"बसा. हलवू नका टेबल."

पहिली फाइल उतरली. दुसरी, तिसरी. चौथी उतरली. पाचवी अर्ध्यात आली आणि सगळी नावं एकदम गेली. त्यांनी संध्याकाळपर्यंत प्रयत्न केला, दुपारचा डबाही उघडला नाही. शेवटी भिंग काढून डोळे चोळले.

"मेमरीच गेली काका. पाणी गेलं तेव्हा लगेच आला असतात तर..."

आलेल्या चार फाइली तिथेच ऐकल्या. दोन गाणी होती, पूर्ण. तिसरीत प्लेअर चुकून पदरात सुरू राहिला होता आणि आत्या वीस मिनिटं चाळीत कांदे निवडणाऱ्या बायांना ओरडत होती. चौथीत माझा आवाज होता: "आत्या, हे लाल बटण. घाबरायचं नाही. मी आहे ना." सासूचं गाणं कशातच नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने तोंडाकडे पाहून पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हणालो, "आत्याला सांगू की कंपनीचाच दोष होता. वस्तूच खराब निघाली."

"सांगा की. ती कुठे ओरडणार आहे तुमच्यावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळची सटाण्याची एसटी धरली.

हळदीला तीन दिवस होते. अंगणात मांडवाच्या बल्ल्या उभ्या राहत होत्या. ओसरीवर आत्या, शेजारच्या दोघी-तिघी बाया, आणि आतेभावाची बायको, म्हणजे वहिनी, गहू निवडत होत्या. आत्याने मला पाहिलं आणि हात पुढे केला, तळवा वर. त्या तळव्यावर ठेवायला माझ्याकडे पेन ड्राइव्ह होता.

मी सगळं सांगितलं. साबणाचं पाणी, पॅड, डबा, फोनवरचं खोटं. बोलताना मध्ये मी एकदोनदा गंमत करायला गेलो, जिभेची सवय. कोणी हसलं नाही.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुमच्या हाताला खाज हाय का हो? सटाण्याचा दुकानदार दीडशे रुपयांत करून देत होता."

"वहिनी, मी..."

"तुम्ही नका बोलू आता. बोलणारं माणूस एक व्हतं घरात, ते तुम्ही डब्यात घालून मारलं."

आत्याने तिला हाताने गप्प केलं आणि ऐकव अशी खूण केली. आतेभावाने स्पीकर आणला. दोन्ही गाणी झाली, ती मान खाली घालून ऐकत होती. मग चाळीतलं ओरडणं लागलं. मी बंद करायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. स्पीकरमधून तिचा तेव्हाचा आवाज एकीला म्हणत होता की तुझे कांद्यापेक्षा डोळे निवडायला पाहिजेत. आत्या हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले. ते तिने पुन्हा लावायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने नाही-नाहीची खूण करून विचारलं. मी मान हलवली. सासूचं गाणं नाही.

ती उठून आत गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. चहा आला नाही, आणि तो यावा असं वाटण्याइतका निर्लज्ज मी उरलो नव्हतो.

तासाभराने ती नातीची जुनी वही घेऊन आली आणि माझ्यासमोर टाकली. मी लिहायचं होतं. ती कानाशी कुजबुजत गेली, मी लिहीत गेलो. माझे आजोबा नोकरीसाठी नाशिकला आले आणि घरातली अहिराणी तिथेच संपली. मी शब्द चुकवायचो, ती वहीवर चापट मारायची. पण शब्द सगळे आले. शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा मला वाटलं, निभावलं. मी तसं म्हणालोही.

"आणि चाल?" वहिनी म्हणाली.

कुजबुजीला चाल नसते. हे मला साठीत, त्या ओसरीवर कळलं. श्वासात शब्द बसतात, सूर बसत नाही. आत्याने हाताने दाखवायचा प्रयत्न केला, इथे हात वर, इथे खाली, इथे लांबवायचं. शेजारच्या बायांपैकी एक गळ्याने बरी होती, तिने म्हणून पाहिलं. आत्याने मान हलवली. तिने दुसरं काही म्हटलं. पुन्हा नाही. आतेभाऊ म्हणाला, तू लहानपणी ऐकलंस ना रे, तुला आठवतं का? मला आठवत नव्हतं. मी लग्नात नेहमी बँडवाल्यांपाशी, त्यांचा अँप्लिफायर बघत उभा असायचो.

तीन दिवस रोज दुपारी बाया जमल्या. आत्याचा हात हवेत चढायचा, उतरायचा. गळ्याने बरी असलेली ती बाई वैतागत गेली. "मावशी, मना बाप सांगे, चाल हाती नही येत," ती म्हणाली आणि मग तिनेच स्वतःला येणाऱ्या दुसऱ्या एका हळदीच्या गाण्याच्या चालीवर ते शब्द बसवले. ते बसले. फार सहज बसले. बाकीच्यांनी लगेच उचललं.

हळदीच्या दिवशी आधी आत्याची दोन गाणी स्पीकरवर झाली. लोक खूश होते. कोणीतरी माझी पाठ थोपटली, नाशिकच्या भाऊंनी आवाज वाचवला म्हणून. मी ती पाठ कुठे ठेवू असं मला झालं. मग मुलीला शेवटचं बोट लावायची वेळ आली, वहिनीने वाटी उचलली, आणि बायांनी सासूचं गाणं धरलं. शब्द बरोबर. एकही चूक नाही, मी वही घेऊन मागेच उभा होतो.

आत्या मुलीच्या शेजारी पाटावर बसली होती. पहिल्या ओळीला तिने मान हलवली, नाही. दुसऱ्या ओळीला पुन्हा नाही, आणि तिचा हात वर गेला. बाया आपल्या रंगात होत्या, तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मुलगी रडत होती, हळद लावणाऱ्या रडत होत्या, ज्या चालीवर रडायला हवं तीच ही चाल असं मांडवातल्या सगळ्यांना वाटत होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत आत्याचा हात हवेत राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि वाटीतली हळद बोटावर घेऊन नातीच्या कपाळाला लावली. बाया गातच होत्या. आत्याने मान हलवणं थांबवलं.